आधी उजेड, मग कॅमेरा : नवशिक्या चित्रणकारांच्या साहित्याचा महाराष्ट्रातील इतिहास

चलचित्रणाच्या इतिहासात कॅमेऱ्याच्या वाट्याला जेवढे कौतुक आले तेवढे उजेडाच्या वाट्याला कधी आले नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ कॅमेरा स्तंभ उभा आहे आणि तो उचितही आहे. मात्र ज्यांच्यामुळे चित्रणाला ऊन आणि ऋतू यांच्यापासून सुटका मिळाली त्या दिव्यांसाठी तसे काही उभारल्याचे ऐकिवात नाही. आज स्वतःच्या वाहिनीसाठी पहिलाच व्हिडिओ काढायला निघालेला तरुण ‘कॅमेरा कोणता घ्यावा’ हे आधी विचारतो आणि दिव्याचा विचार चित्र काळपट आल्यावर करतो, यामागेही हीच जुनी सवय आहे. प्रत्यक्षात मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि पुणे या चार ठिकाणी या कलेची जी वाटचाल झाली तिच्यात चित्रण कोठे करायचे, कोणत्या वेळी करायचे आणि चेहरा कसा रंगवायचा, हे बहुतेक वेळा प्रकाशाच्या सोयीने ठरले असून कॅमेऱ्याची निवड त्यामागून आली आहे.

या प्रांतातील पहिले नवशिके चित्रणकार म्हणून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे नाव घ्यावे लागते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली, त्यानंतर भाटवडेकरांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. चित्रित फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागे, त्यामुळे आपण काय टिपले हे कळायला कित्येक आठवडे जात. भाटवडेकर व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्या काळच्या फोटो स्टुडिओचे छत काचेचे असे आणि ती काच शक्यतो उत्तरेकडे उतरती ठेवत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर एकसारखा, मऊ उजेड मिळतो. स्थिरचित्रासाठी बसलेल्या गिऱ्हाइकाला काही क्षण न हलता बसवता येई. चलचित्राला ती सवलत नव्हती. सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्वतंत्र चित्रे, घ्यायची तर प्रत्येक चौकटीला सेकंदाचा सुमारे बत्तिसावा हिस्सा एवढाच काळ उजेड मिळे. अशा वेळी उघड्यावरची कुस्ती हा विषय निवडणे, आणि पुढे १९०१ मध्ये इंग्लंडहून शिकून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचा प्रसंग टिपणे, यात बातमीची जाण होतीच, पण भर उन्हात घडणारा प्रसंग हवा, ही गरजही होती. दिवाणखान्यातील मैफल किंवा देवळाच्या गाभाऱ्यातील आरती त्या कॅमेऱ्याच्या आवाक्यातच नव्हती.

धुंडिराज गोविंद फाळके यांची साहित्यखरेदी ही अधिक विचारपूर्वक केलेली आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातील छायाचित्रण व्यवसाय आणि लोणावळ्यातील छापखाना अशी उमेदवारी करून झाल्यावर, विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला, कच्ची फिल्म मागवली आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही खरेदी केले; त्या काळी फिल्म विनाभोकांची मिळे आणि यंत्राचे दाते बसण्यासाठी ती भोके ग्राहकालाच अंधारात पाडून घ्यावी लागत. कॅमेरा हाताने फिरवायचा होता. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, हा ताल मनगटात बसवावा लागे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावत असल्याने एक सेकंद म्हणजे एक फूट असा सोपा हिशेब होता आणि ३,७०० फुटांचा त्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ त्या तालात दाखवला तर साधारण तासाभराचा भरतो. फिल्मचा प्रत्येक फूट परदेशातून, पैसे मोजून येत होता. आज मेमरी कार्डावर तासन्‌तास चित्रण करून त्यातले निवडणाऱ्याला या काटकसरीची कल्पना येणे अवघड आहे.

हा कॅमेरा हाती आल्यावर फाळके यांनी लगोलग चित्रपट सुरू केला नाही. त्यांनी आधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा पट तयार करून भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवला. नवशिक्याने आपले साहित्य तपासून पाहण्याची याहून शहाणी रीत सापडणार नाही, कारण अनेक दिवस चाललेल्या अशा चित्रणात कॅमेरा जागचा हलला, उजेड कमीजास्त झाला किंवा धुण्याच्या रसायनात चूक झाली, तर ती पडद्यावर लगेच उघडी पडते. म्हणजे भांडवलदाराला चमत्कार दिसला आणि चित्रणकाराला आपल्या यंत्राचे गुणदोष कळले.

फाळके यांच्या दादरच्या राहत्या जागेत चित्रपटाची प्रयोगशाळाही होती. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली आणि चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहण्याचे कामही त्यांनी केले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितले जाते. या चादरीचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. डोक्यावरचे ऊन कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळते, पण डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली गडद सावली टाकते. समोरच्या बाजूने धरलेले पांढरे कापड तेच ऊन मऊ करून चेहऱ्यावर परतवते आणि सावलीतले डोळे दिसू लागतात. हेच कापड डोक्यावर ताणले तर कडक ऊन गाळले जाते आणि सावलीची कड विरघळते. पहिल्या प्रकाराला परावर्तन आणि दुसऱ्याला विसरण म्हणतात, आणि पुढच्या शतकभरात प्रकाशयोजनेच्या नावाखाली जे काही विकले गेले त्याचा मोठा भाग या दोन क्रियांचीच महागडी रूपे आहेत. मुंबईच्या चित्रीकरणस्थळी आजही थर्माकोलचा पांढरा तक्ता हेच काम करतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र चादर धरणाऱ्याला जागा नसते.

त्या काळच्या फिल्मचा आणखी एक स्वभाव होता. ती निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देई, लाल रंग मात्र तिला जवळजवळ दिसतच नसे. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. परिणामी निळे आकाश पांढरेफटक येई, कुंकू काळे ठिक्कर दिसे आणि सावळ्या कातडीतला तांबूसपणा हरवून चेहरा प्रत्यक्षाहून काळवंडलेला उमटे. नटांच्या चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड लेप दिला जाई त्यामागे नाटकाची सवय जशी होती तशी ही रासायनिक अडचणही होती. याच दोषाचा एक उपयोग असा की, लाल दिव्याच्या उजेडात फिल्म खराब न होता धुता येई आणि चित्र हळूहळू उमटताना डोळ्यांनी पाहता येई. घरच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटणाऱ्या कुटुंबाला हा मोठाच आधार होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. उघड्या आवारात नेपथ्य उभारून उन्हाच्या भरवशावर चालणाऱ्या या धंद्याला पावसाळ्याचे चार महिने कसे अडत असतील, हे वेगळे सांगायला नको.

उन्हाचे हे बंधन तोडण्याचा प्रयत्न कोल्हापुरात झाला, आणि तो करणारा माणूस मुळात रंगारी होता, याला या लेखात महत्त्व आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव हे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. रंगवलेल्या पडद्यावर खांबाला गोलाई आणि कमानीला खोली द्यायची तर उजेड कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवावे लागते आणि त्यानुसार कुंचल्याने सावली घालावी लागते; म्हणजे दिवा हाती येण्यापूर्वीच या कलावंतांचा प्रकाशयोजनेचा अभ्यास झालेला होता. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून जुन्या प्रक्षेपकाच्या रचनेचा अभ्यास करून स्वतःच कॅमेरा घडवण्याचा घाट त्यांनी घातला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो पुरा केला. १९१७ मध्ये बाबूरावांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर यांचे अर्थसाहाय्य मिळाले, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

घरी घडवलेल्या कॅमेऱ्याची कथा रंजक असल्यामुळे ती वारंवार सांगितली जाते, परंतु चित्रणकलेच्या दृष्टीने पेंटर यांचा १९२३ चा ‘सिंहगड’ अधिक मोलाचा मानला पाहिजे. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर प्रथम या चित्रपटात झाल्याची नोंद चित्रपटाचे इतिहासकार करतात. विषयच रात्रीच्या लढाईचा होता. दिवसा चित्रण करून फिल्मला निळा रंग देणे आणि प्रेक्षकाने ती रात्र समजणे हा मूकपटातला सर्वमान्य संकेत असताना, खरा अंधार आणि त्यात हवा तेवढाच उजेड, ही कल्पना पडदे रंगवणाऱ्या माणसाला सुचावी हे स्वाभाविक आहे. त्या काळी चित्रणासाठी मुख्यतः कार्बन आर्क दिवे उपलब्ध होते. त्यात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवली जाते. कांड्या जळून आखूड होत गेल्या की त्यांच्यातले अंतर पुन्हा जुळवावे लागते, धूर होतो, आवाज होतो, पण उजेड प्रखर आणि निळसर मिळतो. निळ्यालाच दाद देणाऱ्या त्या फिल्मला नेमका असाच उजेड हवा होता. दिवा आणि फिल्म यांची अशी जोडी जुळली तरच चित्र साधते, ही गोष्ट पुढेही अनेकदा प्रत्ययाला आली.

ती जोडी ध्वनीने मोडली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्याच्या चित्रणस्थळाजवळून लोहमार्ग जात असल्याने, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर म्हणजे मध्यरात्रीनंतर बरेचसे काम करावे लागे, असे त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी नंतर सांगितले आहे. आवाजासाठी रात्र आणि बंद जागा आवश्यक ठरल्या, तेथे सूर्याचा उपयोग संपला. पेटत्या आर्क दिव्याची घरघर ध्वनिग्राहक यंत्रात उतरे, म्हणून तारेच्या विजेच्या बल्बांकडे धंदा वळला. या बल्बांचा उजेड पिवळसर-तांबूस, आणि तो जुन्या फिल्मला दिसत नाही. तेव्हा लाल रंगासह सर्व रंगांना दाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ होत गेली होती तीच येथेही आधाराला आली. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. कथा फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाचीच, हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांत त्या राजाचा दरबार उन्हातून उठून दिव्याखाली आला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा जे या मंडळींनी चुकतमाकत कमावले होते ते अभ्यासक्रमात शिकवले जाऊ लागले.

त्या अभ्यासक्रमातला तीन दिव्यांचा पाठ आजही नवशिक्यांना पहिल्यांदा भेटतो. चेहऱ्याच्या एका बाजूने येणारा मुख्य दिवा, त्याने टाकलेली सावली सौम्य करणारा दुसऱ्या बाजूचा पूरक दिवा आणि केस-खांदे पार्श्वभूमीपासून सुटे करणारा मागचा दिवा, अशी ही रचना आहे. ती उपयुक्त आहे, पण तिची पोथी झाली की प्रत्येक चेहरा एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो. या एकसुरीपणावरचा तोडगा महाराष्ट्राबाहेर मिळाला. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. आकाशाकडून उतरणाऱ्या सावलीविरहित उजेडाचा भास व्हावा म्हणून छायालेखक सुब्रत मित्र यांनी नेपथ्यावर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्यावर टाकून परतलेला उजेड वापरला. पुढे हीच पद्धत त्यांनी पेटीवजा चौकटी वापरून कोणत्याही खोलीत नेता येईल अशी केली. दादरच्या उन्हातले पांढरे कापड स्टुडिओत आले ते असे.

चित्रण सामान्य घरात शिरले ते मात्र चित्रपटामुळे नव्हे, लग्नामुळे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच दशकात व्हीएचएस कॅसेटवर लग्न टिपून देणारे व्यावसायिक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. त्यांतले बहुतेक जण आधी फोटोग्राफर होते आणि बरेचसे स्वतःच शिकलेले. सुरुवातीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना उजेड भरपूर लागे, मंगल कार्यालयात दिवे मंद असत, आणि त्यावर उपाय म्हणून हजार वॉटचा हॅलोजन दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर किंवा मदतनिसाच्या हातात आला. या दिव्याला ‘सनगन’ म्हणत. हे नाव मुळात हौशी चित्रणासाठी अमेरिकेत निघालेल्या एका हातदिव्याचे. त्या काळातल्या कॅसेटी आज पाहिल्या तर अंतरपाट दूर होताना नवरीने मिटलेले डोळे लाजेचे असतीलच असे नाही, हे ध्यानात येते. समोरून, कॅमेऱ्याच्याच रेषेत येणारा नागडा उजेड चेहऱ्यावरची सारी सावली पुसतो, चेहरा सपाट होतो आणि चार हातांवरची मंडळी अंधारात बुडतात.

यातला शेवटचा परिणाम भौतिकशास्त्राच्या नियमाने होतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की मिळणारा उजेड एक चतुर्थांश होतो. नवरी तीन फुटांवर आणि मामा सहा फुटांवर असेल तर मामाला चौथाई उजेड. आजच्या नवशिक्याला याच नियमाचा फायदा घेता येतो : छोटा, स्वस्त दिवाही चेहऱ्याजवळ, चौकटीच्या अगदी काठापर्यंत आणला तर पुरतो, आणि मागची पसारा पडलेली खोली आपोआप काळोखात जाते.

सनगनने आणखी एक संकल्पना घरोघर नेली, ती म्हणजे पांढऱ्याचा ताळा, व्यवसायात ‘व्हाइट बॅलन्स’. उजेडाची पिवळसर किंवा निळसर छटा केल्विन या एककात मोजतात. चित्रणाचा बल्ब सुमारे ३,२०० केल्विनचा तर दुपारचे ऊन साधारण ५,५०० केल्विनचे. माणसाचा मेंदू दोन्हींत कागद पांढराच पाहतो, कॅमेऱ्याला मात्र पांढरे काय ते दाखवून द्यावे लागते. म्हणून शूटिंगवाला आधी कोऱ्या कागदावर कॅमेरा रोखे. खिडकीतून ऊन, छताला ट्यूब आणि हातात हॅलोजन असे तीन उजेड एकत्र आले की कोणताही ताळा जुळत नाही आणि एक गाल पिवळा, दुसरा हिरवट येतो. आजच्या स्वयंचलित फोनलाही ही खिचडी निस्तरता येत नाही. नको तो दिवा बंद करणे हाच त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले, २००८ मध्ये स्थिरचित्राचे डिजिटल कॅमेरे व्हिडिओही घेऊ लागले, आणि २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर स्वयंपाक, शेती, कोकणातली घरे, गडवाटा अशा विषयांवर मराठीत व्हिडिओ काढणाऱ्यांची रीघ लागली. त्यांचा कॅमेरा बहुधा खिशातलाच असतो, आणि सुरुवातीला त्यात काही बिघडत नाही. फोनचा संवेदक, म्हणजे उजेड झेलणारी चकती, नखाएवढा लहान असला तरी भरपूर उजेडात तो महाग कॅमेऱ्याच्या तोडीचे चित्र देतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात मात्र त्याला उजेड अपुरा पडतो आणि चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. अशा वेळी कॅमेरा बदलण्याचा खर्च दिव्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो.

हा दिवा आता एलईडीचा असतो. निळा एलईडी १९९० च्या दशकात व्यवहार्य झाला आणि त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी बहुतेक वेळा निळ्याच दिव्यावर पिवळे फॉस्फर चढवून बनवतात, त्यामुळे स्वस्त दिव्यात लाल रंगाची उणीव राहते आणि कातडी आजारी, करडी दिसते. फाळके यांच्या फिल्मला लाल दिसत नव्हता. येथे दिव्यातच तो कमी आहे आणि चेहऱ्याचे व्हायचे ते नुकसान तसेच होते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा सीआरआय नावाचा शंभरपैकी गुणांक खोक्यावर छापलेला असतो. तो ९५ च्या आसपास असलेला छोटा दिवा, ८० गुणांकाच्या मोठ्या झगमगीत दिव्यापेक्षा चित्रणाला बरा. सध्या लोकप्रिय असलेला रिंग लाइट १९५० च्या दशकात दातांच्या छायाचित्रणासाठी निघाला, कारण तोंडाच्या पोकळीत सावली नको असते. प्रसाधनाच्या व्हिडिओला तो शोभतो. चष्मेवाल्या वक्त्याच्या काचांवर मात्र दोन पांढऱ्या कड्या उमटतात, आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या चेहऱ्याला हवी असलेली सावली तो सनगनसारखीच पुसून टाकतो.

आणखी एक वारसा फोनच्या आत दडलेला आहे. अमेरिकेत वीजप्रवाहाची वारंवारिता ६० हर्ट्झ असल्याने तेथील दूरचित्रवाणी सेकंदाला ३० चौकटींची झाली; भारतात ती ५० हर्ट्झ असल्याने दूरदर्शनने २५ चौकटींची युरोपीय पद्धत घेतली. फोन मात्र सहसा ३० चौकटींवर लावूनच येतो. भारतीय घरातील जुनी ट्यूब किंवा हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो आणि तिसाच्या हिशेबाशी त्याचा मेळ बसला नाही की भिंतीवर काळपट पट्टे सरकताना दिसतात. फोन नादुरुस्त आहे असे समजून अनेक जण तो दुकानात घेऊन जातात. चौकटी २५ आणि झडपेचा (शटरचा) वेग सेकंदाचा पन्नासावा हिस्सा ठेवला की पट्टे जातात. ज्या फोनच्या मूळ अॅपमध्ये ही सोय नसते त्यासाठी वेगळे कॅमेरा अॅप घ्यावे लागते, किंवा दिवसा खिडकीपाशी बसून, ट्यूब बंद करून चित्रण उरकावे लागते.